धुळ्याचं कॉलेज की गावातली अकरावी?

दहावीचा निकाल लागला की सोनगीरमध्ये एकच प्रश्न कानावर येतो, "भाऊ, पोऱ्याले कोठे टाकानं?" मार्क बरे पडलेले असतात. गावातल्या उच्च माध्यमिकला ठेवायचं, की वीसेक किलोमीटरवर धुळ्याला घालायचं, यावर घरात दोन तट पडतात. धुळ्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा सहसा एकच असतो: तिथली अकरावी मोठ्या कॉलेजची आहे.

ते खरं आहे. धुळ्यात जय हिंद आणि एसएसव्हीपीएस, जळगावात मूळजी जेठा, अमळनेरला प्रताप, या सगळ्या ठिकाणी अकरावी-बारावी पदवी महाविद्यालयाला जोडलेली आहे. पूर्वी आपल्याकडे मॅट्रिक अकरावीला असे आणि त्यानंतर मुलं प्री-डिग्रीला थेट कॉलेजात जात. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला, 1975 मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली, आणि मधली दोन वर्षं कुठे ठेवायची हा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्राने ती काही ठिकाणी हायस्कूलला जोडली, काही ठिकाणी कॉलेजातच राहू दिली. म्हणून आज सोनगीरचा मुलगा गावात शिकला काय किंवा धुळ्यात शिकला काय, पाठ्यपुस्तक तेच, नाशिक विभागीय मंडळ तेच आणि बारावीची प्रश्नपत्रिकाही तीच. पाटी निराळी म्हणून अभ्यासक्रम निराळा होत नाही.

मग कॉलेजला जोडलेलं असण्याचा फायदा काय? परदेशातलं एक उदाहरण घ्या: न्यूयॉर्कमध्ये हंटर कॉलेज हायस्कूल नावाची सरकारी पैशावर चालणारी शाळा आहे, 1869 पासूनची, शहर विद्यापीठाच्या हंटर कॉलेजला जोडलेली. सातवीत प्रवेश मिळावा म्हणून मुलं सहावीत असतानाच चाळणी परीक्षा देतात. तिथली निवड फार कडक, आणि तिच्यावर वादही तितकेच. आपल्याकडे अशी वेगळी परीक्षा नाही. दहावीचे मार्क हीच चाळणी. मात्र नुसत्या चाळणीने शिक्षण घडत नाही, हे आपल्याच राज्यात लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने दाखवून दिलं. तेही पदवी कॉलेजला जोडलेलं कनिष्ठ महाविद्यालय, 1970 साली सुरू झालेलं. ‘लातूर पॅटर्न’चं नाव झालं ते पाटीमुळे नव्हे, अभ्यासक्रम वेळेत संपवायचा, मग चाचण्यांवर चाचण्या घ्यायच्या, आणि प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या मागे लागायचं, या शिस्तीमुळे. त्या पॅटर्नवर घोकंपट्टीचा आक्षेप आहे आणि मला तो पटतो. पण वर्ग भरत होते, हे विसरता येत नाही.

आज नेमका तोच प्रश्न आहे. सायन्सच्या कित्येक मुलांचं नाव कॉलेजच्या पटावर असतं आणि दिवस जातो क्लासमध्ये. ‘इंटिग्रेटेड’ किंवा ‘टाय-अप’ म्हणून जे विकलं जातं ते हेच. अशा ठिकाणी फिजिक्सच्या प्रात्यक्षिकाचे 30 मार्क मिळून जातील, पण मुलाने व्हर्निअर कॅलिपर हातात धरलेलाच नसेल. सोनगीरच्या तांबटांकडे गिऱ्हाईक भांडं उलटं करून, वाजवून घेतं. कॉलेजही तसंच घ्यावं. जून-जुलैत एखाद्या कामाच्या दिवशी अकरा वाजता तिथे जा आणि बारावीच्या वर्गात किती मुलं बसलीत ते पाहा. प्रयोगशाळा उघडी आहे का, ग्रंथालयातली पुस्तकं अकरावीच्या मुलाला घरी मिळतात की फक्त पदवीवाल्यांना, तेही विचारा. मोठ्या कॉलेजचा खरा फायदा तिथेच असतो: मोठी प्रयोगशाळा, जुनं ग्रंथालय, मैदान, एनसीसी. हे जर कनिष्ठच्या मुलांना वापरू देत नसतील तर गावातली अकरावी कमी नाही.

आता प्रवेशाचं. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होतात. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांपुरती होती. त्यामुळे ‘ओळखीच्या सरांना सांगून ठेवलंय’ याचे दिवस बरेचसे गेले. पसंतीक्रम किमान एक, जास्तीत जास्त दहा भरता येतात. खेड्यातले पालक सर्वांत जास्त फसतात ते पहिल्या पसंतीत. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडतं. म्हणून शेजारच्या मुलाने पुण्याचं कॉलेज टाकलं म्हणून तुम्ही टाकू नका. राहण्याची सोय आणि पैसा असेल तरच ते नाव वर लिहा. आधीच्या वर्षाचा कट-ऑफ बघून दोन कॉलेजं जरा वरची, बाकीची नक्की मिळतील अशी, आणि शेवटी गावचं किंवा तालुक्याचं, असा क्रम लावला तर झोप लागते. नियमात दरवर्षी थोडा बदल होतो, तेव्हा त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय अर्ज लॉक करू नका.

एकाच इमारतीत, एकाच नावाखाली अनुदानित तुकडी असते आणि विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित तुकडीही असते. शिकवणारे कधी तेच, कधी तासिका तत्त्वावरचे. फी मात्र वेगळी. पोर्टलवर प्रत्येक तुकडीचा कोड वेगळा दिसतो. नाव बघून टिचकी मारलीत तर फीची पावती हातात आल्यावर कळेल. द्विलक्षी विषयांचंही तसंच. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स हवं असेल तर ते त्या कॉलेजात आहे का, हे आधी पाहायचं.

रोज जाऊन-येऊन शिकायचं असेल तर एसटीचं गणित मांडा. विद्यार्थ्यांना मासिक पासात सवलत आहे, आणि मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेखाली बारावीपर्यंत पास मोफत. ‘पोरगी आहे, कशाला धुळ्याला पाठवायची’ म्हणणाऱ्या आजोबांना निदान पैशाचं कारण राहत नाही. वेळेचं राहतं. सकाळच्या सत्राचं कॉलेज आणि संध्याकाळचा क्लास असेल तर मूल घरी रात्रीच पोचणार. तिथे गावातली अकरावी आणि घरचा अभ्यास जिंकू शकतो.

मोबाइलवर फिरणाऱ्या सल्ल्यांतला एक साफ चुकीचा आहे: ‘अकरावी म्हणजे आराम’. एमएचटी-सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला 20 टक्के वेटेज आहे, आणि जेईई-नीटमध्ये तर अकरावी बारावीइतकीच येते.

शिवाय अकरावी हाच एक रस्ता नाही. ज्याचे हात यंत्रात रमतात त्याला धुळ्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो आणि तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हा मार्ग दुय्यम समजणारे पालक मला कळत नाहीत. घरात पाचवीतलं लहान भावंड असेल तर नवोदयचा अर्ज त्या वर्षीच भरा: सहावीला प्रत्येक विद्यालयात जास्तीत जास्त 80 जागा, त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांसाठी, राहणं-जेवण मोफत. आपल्या देशात सरकारी पैशाने निवडक मुलांना शिकवणारी खरी शाळा म्हणायची तर तीच.

आणि राखीव जागेवरून पुढे मेडिकल, इंजिनिअरिंग किंवा फार्मसीला जायचं असेल तर जात पडताळणीचा अर्ज बारावीच्या निकालापर्यंत लांबवू नका. अकरावीला प्रवेश झाला की कॉलेजकडून पत्र घेऊन धुळ्याच्या पडताळणी समितीकडे अर्ज टाका. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल काढायला गावातल्या जुन्या शाळेत जावं लागतं, आणि जुनी रजिस्टरं एका दिवसात सापडत नाहीत.