हवा भरण्याचा पंप घेताना



ऊस विकास विभागाने टायरच्या हवेवर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण गेल्या दोन हंगामांत गट कार्यालयात बेण्याच्या खालोखाल चौकशी झाली ती या वस्तूची. गाडीत ठेवायचा छोटा हवेचा पंप, ज्याला दुकानदार 'कॉम्प्रेसर' किंवा 'इन्फ्लेटर' म्हणतात, तो घ्यावा का आणि कोणता घ्यावा? कुणाच्या दारात मोटार आहे, कुणाकडे जीप, पुष्कळांकडे ट्रॅक्टर-ट्रॉली. पंक्चरवाला मात्र फाट्यावर, आणि रात्री आठनंतर तोही घरी.

आधी आमची फजिती सांगतो. ऊसनोंदीच्या दौऱ्यासाठी आम्ही असाच एक पंप जीपमध्ये घेऊन ठेवला होता. खोक्यावर ठळक अक्षरांत '१५० पौंड' छापलेले. हंगामात एका रात्री रस्त्याच्या कडेला उसाने भरलेली ट्रॉली उभी दिसली, एका चाकाची हवा उतरलेली. सभासद म्हणाले, "साहेब, तेवढी हवा मारून द्या, काट्यापर्यंत जातो कसाबसा." आम्हीही ऐटीत पंप लावला. दहा मिनिटे झाली, वीस झाली, काटा चाळिसाजवळ घुटमळतोय. पंप हात लावू नये इतका तापला, जळका वास सुटला आणि जो बंद पडला तो कायमचा. ट्रॉलीला मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. मागून भरधाव येणाऱ्या गाडीला अंधारात ती दिसली नसती तर काय झाले असते, ते सांगायला नको. जीप मागे उभी करून, दिवे लुकलुकत ठेवून आम्ही उजाडेपर्यंत तिथेच बसलो. ऊस वाळला तो वेगळाच.

पंप खोटा नव्हता. आम्ही आकडा चुकीचा वाचला होता.

पौंड म्हणजे हवेचा जोर. पंप जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो, एवढेच खोक्यावरचा आकडा सांगतो. पण टायर भरायला हवा किती लागते आणि पंप ती मिनिटाला किती देतो, हा हिशेब निराळा. विहिरीवरची मोटर घेताना आपण नुसती उंची बघतो का? पाणी किती फेकते हेही बघतो. इथेही तेच.

हिशेब सोपा आहे. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब सुमारे १५ पौंड असतो. म्हणून जितके पौंड वाढवायचे त्याला १५ ने भागा आणि टायरच्या पोटात जितके लिटर मावते त्याने गुणा. तितके लिटर हवा पंपाला बाहेरून ओढून आत कोंबावी लागते.

मोटारीच्या टायरमध्ये सुमारे ३० लिटर जागा धरा. २२ पौंडांवर आलेला टायर ३२ वर न्यायचा तर २० लिटर हवा लागली. ट्रॉलीच्या ९.००-१६ मापाच्या टायरमध्ये ७०-७५ लिटर जागा असते. तो ३० वरून ७५ वर न्यायचा म्हणजे सव्वादोनशे लिटर! शिवाय दाब वाढत जातो तसा पंप मिनिटाला कमी कमी हवा देऊ लागतो. मिनिटाला २० लिटर लिहिलेला पंप मोटारीचे काम दोन-तीन मिनिटांत उरकतो, पण ट्रॉलीच्या एका चाकाला कागदावरच ११ मिनिटे आणि प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट घेतो. आणि असे छोटे पंप सलग १०-१५ मिनिटेच चालवायचे असतात, मग थंड होऊ द्यायचे. ही मुदत माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असते. आम्ही ती नंतर वाचली.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरची गंमत उलटी. जोर कमी लागतो, शेतात १२-१४ पौंडही चालतात, पण पोट दोनशे लिटरच्या घरात. म्हणून तिथेही छोटा पंप दमतो. त्यात पाणी भरलेले असेल तर व्हॉल्व्ह वरच्या बाजूला येईल असे चाक फिरवून घ्या, नाही तर पाणी उलटे पंपात शिरते.

आता खरेदीचे बोलू. फक्त मोटार किंवा मोटारसायकल असेल तर सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारा पंप पुरतो. मात्र त्या खाचेचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो. १२ व्होल्टने गुणले तर १२० ते १८० वॅट. याहून मोठा पंप त्या खाचेत लावला तर फ्यूज उडणारच. जीपसारखी मोठी गाडी असेल तर थेट बॅटरीला चिमटे लावायचा पंप घ्यावा. तो जास्त करंट घेतो आणि जास्त हवा देतो. लाल चिमटा अधिकला, काळा उणेला, आणि इंजिन चालू ठेवून वापरा, नाही तर हवा भरेल आणि गाडी सुरू होणार नाही. ट्रॅक्टरची बॅटरीही १२ व्होल्टचीच, तेव्हा हाच पंप अडीनडीला तिथेही चालतो. चार्जिंगचे हातातले पंपही आता सगळीकडे मिळतात. सुटसुटीत आहेत, पण दोन-चार टायर झाले की संपतात. उन्हात तापलेल्या केबिनमध्ये ते ठेवू नयेत.

ज्यांच्या ट्रॉल्या हंगामभर कारखान्याकडे धावतात, त्यांनी या तिन्हींच्या नादी लागू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यांना टाकीचा सिंगल फेजवर चालणारा कॉम्प्रेसर हवा, आणि तो एकट्याने घेण्यापेक्षा वस्तीवरच्या चार-पाच वाहतूकदारांनी मिळून घ्यावा. त्यावर हवा सीएफएममध्ये लिहिलेली असते. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला २८ लिटर. दुकानदाराला विचारा, हा आकडा यंत्र ओढते त्या हवेचा की प्रत्यक्ष बाहेर देते त्या हवेचा? दोन्हींत बराच फरक असतो. टाकीच्या तळाशी पाणी साचते, ते रोज तोटी उघडून काढावे.

पंपावरच्या काट्यावर फार विश्वास ठेवू नका. वेगळा प्रेशर गेज घ्या, हवा सकाळी टायर थंड असताना तपासा. मोटारीला किती पौंड हवेत ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेले असते. टायरच्या कडेवरचा आकडा जास्तीत जास्त मर्यादेचा असतो, रोजचा नव्हे. पंप घेण्यापूर्वी त्याची वायर आणि नळी मिळून मागच्या चाकापर्यंत पोहोचते का, ते दुकानासमोरच लावून बघा. पोहोचत नाही म्हणून परत आणलेले पंप आम्ही पाहिले आहेत.

शेवटचे ट्रॉलीवाल्यांसाठी. बसलेल्या टायरवर गाडी काही अंतर ओढली असेल तर त्यात तिथल्या तिथे हवा मारू नका, टायर आतून कापलेला असतो. रिंगवाली डिस्क असेल तर हवा भरताना रिंगेसमोर कुणीही उभे राहू नये, लांब नळी लावून बाजूने भरावी. रिंग सुटली तर माणूस वाचत नाही. रात्री अडलात तर हवेच्या मागे लागण्याआधी ट्रॉलीच्या मागे चांगल्या अंतरावर रिफ्लेक्टर किंवा दिवा ठेवा, उतावर असाल तर चाकाला दगड लावा, आणि शेतकी खात्याच्या चिटबॉयला फोन करा. चिठ्ठीची वेळ पुढे करून घेता येते.