लांब हात, सावध पाऊल

प्रस्तावना

पडद्यावर दोन योद्धे समोरासमोर उभे आहेत. एकाचा हात एकाएकी लांब होतो आणि दूर उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याला जाऊन लागतो. पाहणाऱ्याला वाटते, एवढा लांब हात असल्यावर याला कोण हरविणार? प्रत्यक्षात मात्र हा योद्धा नवख्या खेळाडूच्या हाती पडला की पुष्कळदा हरतो. असे का होते? या प्रश्नाचे उत्तर तमिळनाडूतील कुंभकोणम या नगरीत आणि तिच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या काठीच्या विद्येत सापडते. प्रस्तुत पाठात संगणकीय झुंजीचा एक योद्धा आणि सिलंबम ही काठीची युद्धकला यांचा एकत्र विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
1. झुंजीच्या खेळातील डाव, पल्ला व वेळ यांचा परस्परसंबंध सांगणे.
2. सिलंबम व महाराष्ट्रातील मर्दानी खेळ यांतील साम्य ओळखणे.
3. पडद्यावरील चित्रण व वास्तव यांतील भेद स्पष्ट करणे.

मूळ पाठ

(अ) कावेरीकाठची काठी

कुंभकोणम हे कावेरी व अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले प्राचीन नगर. दर बारा वर्षांनी येथे महामहम उत्सव भरतो. 2016 साली तो झाला. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण याच गावी गेले. मराठी वाचकाला हा प्रदेश परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी जवळच्या तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली. ती 1855 पर्यंत टिकली. सरफोजी राजे दुसरे यांनी तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. त्या काळी या प्रदेशात गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तेथे नांदत आहेत आणि घरात आपल्या वळणाची मराठी बोलतात.

या भूमीत काठीची जी विद्या रुजली तिला सिलंबम म्हणतात. ती शिकविणाऱ्या गुरूला तमिळमध्ये 'आसान' म्हणतात. कोल्हापूरच्या तालमीत ज्याला वस्ताद म्हणतात, त्याच मानाचे हे पद. वेताची किंवा बांबूची काठी साधारणपणे खेळणाऱ्याच्या कपाळापर्यंत पोहोचेल एवढ्या लांबीची घेतात. शिष्याने काठी हाती घेतली म्हणजे लगेच त्याने वार करावा, असे नसते. प्रथम पावले शिकायची. पुढे, मागे, तिरपे सरकताना तोल जाता कामा नये, हा पहिला धडा. आधी पाऊल, मग काठी.

चित्रपट अभिनेते व पुढे तमिळनाडूचे मुख्यमंत्री झालेले एम. जी. रामचंद्रन यांच्या बालपणाची काही वर्षे कुंभकोणम येथे गेली. तेथे शाळेत शिकत असतानाच ते नाटकाकडे वळले. पुढे त्यांनी सिलंबम आत्मसात केले आणि आपल्या चित्रपटांतून ते लोकांपुढे मांडले. काठीची झुंज पडद्यावर आली, ती अशी. आज तीच झुंज आणखी एका पडद्यावर, म्हणजे संगणकीय खेळात, वेगळ्या रूपाने दिसते.

(आ) पडद्यावरचा योद्धा

1991 साली जपानमधील कॅपकॉम या कंपनीने 'स्ट्रीट फायटर टू' हा खेळ आणला. निरनिराळ्या देशांचे योद्धे त्यात एकमेकांशी झुंजतात. त्यांतील भारतीय योद्ध्याचे नाव धालसिम. किडकिडीत देह, गळ्यात कवट्यांची माळ आणि हवे तेव्हा लांब होणारे हातपाय असे त्याचे रूप आहे. कथेप्रमाणे तो शांतताप्रिय असून आपल्या गावासाठी धन मिळावे म्हणून लढतो. 2023 साली आलेल्या 'स्ट्रीट फायटर सिक्स'मध्येही तो आहे.

मूळ खेळात एक दांडी व सहा कळा असतात. दांडीने योद्ध्याला हलवायचे. तीन कळा ठोशांच्या व तीन लाथांच्या. त्यांत हलका, मध्यम व जोरदार असे प्रकार. प्रतिस्पर्ध्याच्या विरुद्ध दिशेला दांडी धरली की वार अडविला जातो. पायांवर येणारा वार बसून अडवावा लागतो आणि उडी मारून वरून केलेला वार उभे राहून. धालसिमचे प्रमुख डाव पुढीलप्रमाणे आहेत.

1. लांब ठोसा व लांब लाथ : केवळ कळ दाबली की अवयव ताणला जातो. प्रतिस्पर्ध्याला दूर रोखून धरणे हा याचा उपयोग.

2. योगा फायर : दांडी खाली, मग तिरपी खाली-पुढे व मग पुढे नेऊन ठोशाची कळ दाबली की तोंडातून अग्निगोल निघतो. तो प्रतिस्पर्ध्यापुढे दोन पर्याय ठेवतो : थांबून अडवायचा, की वरून उडी मारायची.

3. योगा फ्लेम : दांडी मागून खालून पुढे अर्धवर्तुळात फिरवून ठोशाची कळ दाबली की जवळच ज्वाळा पसरते. जवळ आलेल्याला मागे हटविण्यासाठी ती उपयोगी पडते.

4. योगा टेलिपोर्ट : या डावाने तो एका ठिकाणी अदृश्य होऊन दुसऱ्या ठिकाणी प्रकट होतो. हा डाव त्याला 1992 च्या सुधारित आवृत्तीत मिळाला. कोपऱ्यात सापडल्यावर निसटून जाण्यासाठी तो वापरतात.

या यादीवरून डाव कळतात. खेळ कळत नाही. जाणता खेळाडू अग्निगोल सोडतो तो केवळ मारण्यासाठी नव्हे. तो अडविण्यात प्रतिस्पर्धी गुंतला की धालसिमला पुढे सरकायला किंवा आपली जागा ठीक करायला उसंत मिळते. प्रतिस्पर्ध्याने कंटाळून उडी मारली, तर हवेत त्याला दिशा बदलता येत नाही. वर जाणाऱ्या लाथेने तो तेथेच टिपला जातो. म्हणजे पहिला डाव हे केवळ आमंत्रण असते आणि खरा वार दुसरा असतो. कुस्तीत हूल देऊन पेच टाकतात, त्याच जातीची ही युक्ती.

(इ) वार आणि सावरणे

मग नवखा खेळाडू हरतो कसा? झुंजीच्या अशा खेळांत साधारणपणे एका सेकंदात साठ चित्रे सरकतात आणि प्रत्येक डावाचा काळ या चित्रांत मोजतात. डावाचे तीन भाग पडतात. पहिल्या भागात हात उचलला जातो, दुसऱ्यात वार लागू शकतो, तिसऱ्यात हात माघारी येतो. तिसऱ्या भागात योद्ध्याला दुसरे काहीही करता येत नाही. न अडविता येते, न पळता येते.

धालसिमचा हात जेवढा लांब जातो तेवढा तो उघडाही पडतो. ताणलेल्या हातावर वार झाला तर तो वार अंगावर झाल्यासारखाच मोजला जातो. शिवाय हा योद्धा संथ चालतो. म्हणून नवख्याने कळा भराभर दाबल्या की प्रतिस्पर्धी एक ठोसा चुकवतो, हात माघारी येण्याच्या आत शिरकाव करतो आणि लांब हात निरुपयोगी ठरतो.

आणखी एक हिशेब पाहा. डोळ्यांनी काही पाहून हात हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. साठच्या हिशेबाने ही पंधरा चित्रे झाली. पाच-सहा चित्रांत सुरू होणारा ठोसा पाहून अडविणे म्हणूनच शक्य नसते. त्याचा आधीच अंदाज बांधावा लागतो. अर्धा पडदा ओलांडून येणारी उडी मात्र पाहून टिपता येते. ज्या गोष्टी पाहता येतात त्यांच्यासाठी नजर राखून ठेवायची आणि ज्या पाहता येत नाहीत त्यांच्यासाठी सुरक्षित अंतर राखायचे, हे चांगल्या खेळाडूचे सूत्र आहे.

सिलंबममध्ये नेमके हेच घडते. काठी एका टोकाजवळ धरली की तिचा पल्ला वाढतो. मनगट थोडे वळले तरी दूरचे टोक मोठ्या वेगाने फिरते. परंतु काठी पूर्ण पुढे गेली आणि वार हुकला, तर ती माघारी येईपर्यंत हात, खांदा व बरगडी उघडी पडते. काठी मधोमध धरली तर पल्ला कमी होतो, पण दोन्ही टोके वापरता येतात आणि बचाव सोपा जातो. दूर असताना एक धरणे, जवळ येताच दुसरे, आणि या दोहोंमधील बदल पावलांच्या आधारे. आसान प्रथम पावले शिकवितात त्याचे कारण आता लक्षात येईल. हात उघडा पडला तरी पाऊल सावध असेल तर देह वाचतो.

महाराष्ट्रातील मर्दानी खेळांतही काठी, बनेटी, फरीगदका व दांडपट्टा यांचा अभ्यास पवित्र्यापासूनच सुरू होतो. शस्त्र आणि प्रांत बदलले तरी पल्ल्याचे शास्त्र बदलत नाही. 2024 च्या जानेवारीत तमिळनाडूत झालेल्या खेलो इंडिया युवा क्रीडास्पर्धांत सिलंबम प्रात्यक्षिक खेळ म्हणून सादर झाले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला.

(ई) पडद्याला न दिसणारे

कुंभकोणममधील एखादा मुलगा सकाळी काठी फिरवितो आणि सायंकाळी पडद्यावर धालसिमला लढवितो, अशी कल्पना करा. दोन्हीकडे तो अंतर शिकेल, धीर शिकेल, दुसऱ्याच्या मनातील डाव ओळखायला शिकेल. तरीही दोन गोष्टी त्याला केवळ काठीच शिकवील.

पहिली गोष्ट वेदनेची. पडद्यावर हरलेला योद्धा पुढच्या फेरीत ताजातवाना होऊन उभा राहतो. काठी मनगटावर बसली तर मनगट सुजते. म्हणूनच सरावात वार कोठे थांबवायचा, हे वार करण्याइतकेच मन लावून शिकावे लागते. थांबविलेला वार पडद्यावर फुकट जातो. आखाड्यात तो कौशल्याची खूण ठरतो.

दुसरी गोष्ट ओळखीची. धालसिम पाहून जगभरातील अनेक मुलांना वाटले असेल की, योग म्हणजे आग ओकणे आणि भारतीय म्हणजे कवट्यांची माळ. वास्तविक पतंजलींच्या अष्टांगयोगात पहिले अंग यम आणि यमांत पहिली अहिंसा. दुसऱ्यांनी दुरून रेखाटलेले आपले चित्र गमतीचे असू शकते, परंतु ते आपली ओळख होऊ देणे बरे नव्हे. त्यावर रागावत बसण्यापेक्षा आपले चित्र आपण रेखाटणे हा चांगला उपाय आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 2020 साली 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. त्याची नायिका राजी ही कसरती करणारी मुलगी आहे. हरवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात ती त्रिशूळ व धनुष्य घेऊन असुरांशी लढते. भिंतीवर पाय देऊन, खांबाभोवती फिरून वार करते. या कसरती पाहताना मराठी प्रेक्षकाला मल्लखांब आठवल्यावाचून राहत नाही.

लांब हात कोणालाही हवासा वाटतो. तो कधी पुढे करायचा आणि कधी आवरायचा, हे ज्याला कळते त्यालाच तो शोभतो.

पाठगत प्रश्न

रिकाम्या जागा भरा.
1. सिलंबम शिकविणाऱ्या गुरूला ______ म्हणतात.
2. धालसिम हा योद्धा ______ साली आलेल्या खेळात प्रथम दिसला.
3. पाव सेकंदात ______ चित्रे सरकतात.

शब्दार्थ

पल्ला – वार पोहोचेल तेवढे अंतर
पवित्रा – लढण्यासाठी घेतलेला उभे राहण्याचा ढंग
हूल – फसविण्यासाठी केलेली खोटी हालचाल
बनेटी – दोन्ही टोकांना गोळे किंवा पलिते असलेली काठी
उसंत – सवड

तुम्ही काय शिकलात?

– डाव माहीत असणे आणि डाव योग्य वेळी वापरणे या वेगळ्या गोष्टी आहेत.
– पल्ला वाढला की धोकाही वाढतो.
– काठीच्या विद्येत वार थांबविण्याला मोल आहे.
– दुसऱ्यांनी केलेले आपले चित्रण पारखून घ्यावे.

स्वाध्याय

1. 'पहिला डाव हे केवळ आमंत्रण असते' हे विधान धालसिमच्या डावांच्या आधारे स्पष्ट करा.
2. काठी टोकाजवळ धरणे व मधोमध धरणे यांतील लाभ-हानी सांगा.
3. तुमच्या आवडत्या खेळातील एक डाव निवडा. त्याची सुरुवात, वार व सावरणे यांचे पाच-सहा वाक्यांत वर्णन करा.
4. तुमच्या गावातील तालीम किंवा आखाड्यात जाऊन वस्तादांशी बोला आणि नवशिक्याला पहिला धडा कोणता देतात ते लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

1. आसान 2. 1991 3. पंधरा