रेस दिली की गाडी रडते : दोष कोठे शोधावा?

मोटार दुरुस्ती हा थोड्या भांडवलात सुरू होणारा आणि कसबावर चालणारा धंदा आहे. अनेक तरुण उस्तादाच्या हाताखाली चार-पाच वर्षे काढून स्वतःचे गॅरेज टाकतात. पाना चालवणे त्यांना चांगले येते, पण दोष ओळखण्याच्या कामात ते कमी पडतात. याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे रेस दिल्यावर येणारा "कूं-कूं" किंवा "घूं-घूं" असा आवाज. असा आवाज ऐकला की काही मिस्त्री लगेच गियरबॉक्स उतरवतात. दोन दिवस गाडी उभी राहते, गिऱ्हाइकाचा खर्च होतो आणि शेवटी दोष पट्ट्याचा निघतो. ज्याचे पोट टेम्पोवर आहे, त्याचे यात दुहेरी नुकसान होते. म्हणून या आवाजाचा तपास क्रमाने कसा करावा, ते आज आम्ही सांगणार आहोत.

पहिली परीक्षा : गाडी उभी असताना

गाडी सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक लावावा आणि न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस द्यावी. आवाज येऊन रेसबरोबर चढत असेल तर दोष इंजिनाच्या बाजूला आहे. उभ्या गाडीत आवाज नाही व चालत्या गाडीत आहे, तर गियरबॉक्स, डिफरेन्शियल, चाकांची बेअरिंगे किंवा टायर पाहावेत. एवढ्या एका परीक्षेने निम्मे काम होते.

इंजिनाच्या बाजूचे दोष

इंजिन बंद ठेवून पट्टा तपासावा. भेगा, चकाकी किंवा तेलाचा डाग दिसला तर पट्टा बदलावा. जुन्या पद्धतीचा व्ही-पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबल्यास साधारण 10 मिलिमीटर दबतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. पट्टा फार ताणला तर आल्टरनेटरचे बेअरिंग लवकर जाते, हेही ध्यानात ठेवावे.

हेडलाइट व ब्लोअर चालू केल्यावर आवाज वाढला तर आल्टरनेटरवर संशय घ्यावा. स्टिअरिंग वळवताना वाढला तर पॉवर स्टिअरिंगचा पंप पाहावा. तेल कमी आहे काय, त्यात फेस आहे काय, हे आधी बघावे. स्टिअरिंग टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. विजेवर चालणाऱ्या स्टिअरिंगमध्ये हा पंप नसतो. टर्बो डिझेल गाडीत शिटीसारखा आवाज, ताकद कमी आणि काळा धूर असे तिन्ही एकत्र दिसले, तर टर्बोच्या हवेच्या नळ्या व क्लिपा तपासाव्यात.

क्लचवर पाय नसताना आवाज येतो आणि क्लच दाबताच थांबतो, तर गियरबॉक्समधील इनपुट शाफ्टचे बेअरिंग पाहावे. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग गेलेले असते.

दुसरी परीक्षा : गाडी चालवून

मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी न्यावी आणि ज्या वेगाला आवाज येतो तो वेग लक्षात ठेवावा. त्या वेगाला क्षणभर क्लच दाबून पाय रेसवरून काढावा. किल्ली मात्र कधीही बंद करू नये. स्टिअरिंग लॉक होण्याचा व ब्रेक जड होण्याचा धोका असतो. इंजिन मंद झाले तरी आवाज तसाच राहिला, तर दोष इंजिनात नसून गियरबॉक्समध्ये किंवा त्याच्या पुढे चाकांकडे आहे.

आवाज ठराविक गियरमध्येच येतो, तर गियरबॉक्स पाहावा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत चौथा गियर सरळ असतो. पहिल्या तीन गियरमध्ये आवाज व चौथ्यात शांतता, हे काउंटर शाफ्टच्या बाजूची झीज दाखवते. रिव्हर्समध्ये थोडा आवाज येणे मात्र बहुतेक गाड्यांत स्वाभाविक आहे, कारण त्या गियरचे दाते सरळ असतात.

सर्व गियरमध्ये आवाज आहे आणि रेस देताना व सोडताना तो बदलतो, तर क्राऊन-पिनियन किंवा पिनियनचे बेअरिंग पाहावे. ईको, बोलेरो, टाटा एस यांसारख्या गाड्यांत डिफरेन्शियल मागच्या अॅक्सलमध्ये असते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ते गियरबॉक्सच्याच कवचात असते. रेसने फरक पडत नाही, पण डावीकडे वळताना आवाज वाढतो, तर बहुधा उजव्या चाकाचे बेअरिंग गेलेले असते, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर येतो. रस्ता बदलताच आवाज बदलला तर टायरची झीज पाहावी.

खोलण्याआधी तेल पाहा

गियरबॉक्स किंवा डिफरेन्शियल खोलण्यापूर्वी भरण्याचा बोल्ट काढून तेलाची पातळी बघावी. अनेक गाड्यांत तेल त्या भोकाच्या कडेपर्यंत असावे लागते. चुंबकी बोल्टवर बारीक करडा थर असणे साधारण आहे. धातूचे तुकडे निघाले तर मात्र खोलणे भागच आहे. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच घालावे. जीएल-5 तेल काही गियरबॉक्समधील पितळी रिंगांना मानवत नाही. तेल कमी असल्यास ते भरण्याबरोबर गळती कोठून आहे तेही शोधावे. कोरडे चाललेले डिफरेन्शियल जाम झाले तर भरधाव गाडीची मागची चाके अडकतात. क्राऊन व पिनियन नेहमी जोडीनेच बदलावेत आणि त्यांची फट डायल गेजने मोजूनच बसवावी.

आमच्या व्यवसाय बंधूंना एवढेच सांगणे आहे की, तपासणीची मजुरी वेगळी व उघडपणे सांगून घ्यावी. ती मिळाली तर पट्ट्याच्या दोषासाठी गियरबॉक्स उतरवण्याचा मोह राहत नाही. बदललेला सुटा भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. जो मिस्त्री "गियरबॉक्स ठीक आहे, फक्त पट्टा बदला" असे सांगतो, त्याच्याकडे तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी मोठे काम घेऊन येते.