हातात सात अक्षरं आली की

स्क्रॅबलच्या रॅकवर सात टाइल्स आल्या की पोरी, लगेच शब्द शोधायला बसू नकोस. आधी अक्षरं हलव. पिशवीतून ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने मांडून त्यांच्याकडे टक लावून बसलेलं कुणी दिसलं की मला राहवत नाही. डोळ्याला एकदा एक क्रम दिसला की तो त्यालाच चिकटतो. म्हणून टाइल्स उचल, जागा बदल, पुन्हा बदल. कागदावरचं कोडं असेल तर अक्षरं ओळीत लिहू नकोस, गोल लिही. हे मला माझ्या थोरल्या मामांनी सांगितलं. पेपरातली कोडी ते असंच सोडवायचे. गोलाला सुरुवात नसते, त्यामुळे डोळा कुठूनही वाचू लागतो.

मग तुकडे वेगळे काढ. इंग्रजी शब्दांची शेपटं ठरलेली आहेत: आयएनजी, ईडी, ईआर, आयएसटी, एलवाय, एबीएलई. डोकीही ठरलेली: आरई, यूएन, डीआयएस. यांतलं काही हातात असेल तर ते त्या टोकाला सरकव आणि उरलेल्यांचाच विचार कर.

समज, ए, ई, जी, आय, एन, आर, टी अशी सात आली. आयएनजी उजवीकडे ठेवलं. उरली ए, ई, आर, टी. त्यांचा 'टेअर' होतो, म्हणजे 'टेअरिंग' तयार. सातही अक्षरं एका डावात लागली की वर ५० गुण मिळतात, तेव्हा हात शिवशिवणारच. पण बोर्डावर तो शब्द बसायला जागाच नसेल तर? मग शेपूट मोडायची तयारी हवी. इथेच बहुतेक जण अडतात, कारण एकदा सापडलेलं आयएनजी त्यांना सोडवत नाही. तू ते मोड. जी आणि आर शेजारी आण: 'ग्रॅनाइट'. आयएन पुढे आण: 'इनग्रेट', म्हणजे कृतघ्न माणूस. बोर्डावर एखादा मोकळा बी दिसत असेल तर त्याला धरून 'बिरेटिंग' किंवा 'रिबेटिंग' होतो. सात अक्षरं तीच, फक्त कुणाला कुणाशेजारी बसवलं एवढाच फरक.

आता आपल्या माणसांसाठी खास सांगतो. आपला कान मराठी आहे. आपण लिहितो तसं बोलतो, म्हणून शब्द शोधतानाही मनात उच्चार करतो. इंग्रजीत तो दगा देतो. के, एन, ई, ई दिली तर 'कीन' पटकन सुचतो. गुडघ्याचा 'नी' सुचत नाही, कारण त्यातला के ऐकूच येत नाही. जी, एन, ए, टी मधून 'टँग' निघतो, पण चिलटाचा 'नॅट' निसटतो. म्हणून केएन, जीएन, डब्ल्यूआर, पीएस अशी सुरुवात आणि शेवटचा एमबी हे सगळं कानाने नाही, डोळ्यांनी पाठ कर. हातात के आणि एन एकत्र आले की ते शेजारी ठेवून बघायचंच, ही सवय लावून घे.

एखादं अक्षर किती वेळा येईल, याचा अंदाजही हवा. अल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३०च्या दशकात हा खेळ रचला तेव्हा त्याने वर्तमानपत्रांत कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं होतं. त्या मोजणीवर टाइल्स ठरल्या. शंभरांत ई बारा, ए आणि आय नऊ-नऊ, क्यू, झेड, जे, एक्स आणि के एकेकच. एस मात्र फक्त चार. एस लावला की कितीतरी शब्दांचं अनेकवचन होतं, म्हणून तो मुद्दाम कमी ठेवलेला आहे. दोन-चार गुणांसाठी तो खर्चू नकोस. ए, ई, आय, एन, आर, टी यांना शक्य तोवर सांभाळ. त्यांना एस मिळाला की 'रिटेन्स', 'रेटिनाज', 'नॅस्टिअर', 'स्टेनर' असे चार तरी शब्द समोर उभे राहतात.

अवघड अक्षरांना घाबरायचं कारण नाही. क्यूला यू हवाच असं नाही: क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द चालतो, एफ-ए-क्यू-आय-आर म्हणजे आपला फकीरही चालतो. झेड-ए, एक्स-आय, जे-ओ हे चिमुकले शब्द तर पाठच हवेत. स्वर एकही नसेल आणि वाय असेल तर 'जिम', 'मिथ', 'हिम', 'लिंक्स' आठव. 'ऱ्हिदम' सहा अक्षरांचा आहे, आणि त्यात ए, ई, आय, ओ, यू यांतलं एकही नाही. उलट हात स्वरांनीच भरला असेल तर 'ऑडिओ' आणि 'अड्यू' चार-चार स्वर एकदम संपवतात.

न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्‌सने २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद मिळवलं. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. त्याने शब्दांची यादी डोळ्यांनी आत्मसात केली होती. त्या माणसाला माझा दंडवत. पण तू तसं करू नकोस. नवा शब्द भेटला की त्याचा अर्थ शब्दकोशात बघ. अर्थासकट आलेला शब्द पुढच्या वेळी आपण होऊन दिसतो, नुसता घोकलेला ऐनवेळी दगा देतो. आणि अक्षरं टाकली की शब्द काढून देणारी अ‍ॅप्स आहेत, ती डाव संपल्यावरच उघड. आपल्याला काय दिसलं नाही हे तेव्हा कळलं तरच उपयोग.

शेवटचं म्हणजे, कुणाबरोबरही बसलीस तरी पहिली टाइल लागण्याआधी शब्दकोश कुठला ते ठरवून घे. अमेरिका आणि कॅनडातल्या स्पर्धांची यादी वेगळी, आपल्याकडच्या स्पर्धांत कॉलिन्सची यादी चालते. एकीत असलेला शब्द दुसरीत नसतो, आणि हे आधी बोलून घेतलेलं नसेल तर भांडण हमखास होतं.