उपाशी मासा, खरकटी टाकी

खाऱ्या पाण्यातला नवा मासा खात नसला की घरातल्या प्रत्येकाला त्याला भरवायची घाई होते. खराडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये कॉपरबँड बटरफ्लायफिश आला तेव्हा तेच झालं. पेलेट, फ्लेक्स, फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), हाताला येईल ते टाकीत पडलं. त्याने कशालाच तोंड लावलं नाही. दगडांमागे अडकलेलं अन्न कुजलं, अमोनिया वाढला आणि उरलीसुरली भूकही मेली. मासा गेला. उपासाने मरायला त्याला अजून बराच अवकाश होता. जीव घेतला तो आग्रहाने.

म्हणून पहिला नियम: मासा खात नसेल तर आधी पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत, विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास आणि तापमान २५-२६ अंश. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२च्या जवळ असतो आणि पीएच जितका चढा, तितका अमोनिया अधिक विषारी. आपल्याकडे टँकर आणि बोअरिंगचं पाणी येतं. ते आरओ-डीआय फिल्टरमधून काढून टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्यावर आल्याशिवाय त्यात मीठ कालवू नका.

दुसरा नियम, पहिला दिवस शांततेचा. लाइट बंद ठेवा, लपायला कपारी द्या. टाकीत दांडगा टँग किंवा डॅमसेल असेल तर नव्या माशाला जाळीच्या किंवा छिद्रांच्या पेटीत वेगळं ठेवा. जो सतत पळतोय, तो खाणार कधी?

मग प्रश्न येतो खाण्याचा. कॉपरबँडचं लांब तोंड खडकांच्या फटींतले किडे टिपायला घडलेलं आहे. पाण्यावर तरंगणारा दाणा त्याच्या लेखी अन्नच नाही. पुढच्या कॉपरबँडला मी गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून आणलेल्या तिसऱ्या दिल्या: दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवलेल्या, मग एक शिंपली उघडून, हळद-मीठ न लावता, तळाशी ठेवलेली. थोडा वेळ तो तिच्याभोवती घुटमळला आणि टोचायला लागला. तिथून मायसिसवर आणायला शिंपलीतच मायसिस भरत गेलो. टँगला मसाला न लावलेली नोरी क्लिपला अडकवून द्या. हलणाऱ्या भक्ष्यालाच भुलणाऱ्यांसाठी आर्टेमियाची अंडी खाऱ्या पाण्यात हवा सोडून उबवा. साधारण दिवसाभरात पिल्लं निघतात. मँडरिन मासा दिवसभर कोपेपॉड हे इवलेसे जीव टिपतो, त्यामुळे नव्या टाकीत तो आणूच नका.

खाणं रोज ठरलेल्या वेळी, चिमूटभर, पंप दहा मिनिटं बंद ठेवून. उरलेलं लगेच सायफनने काढा. डोक्यामागचा भाग आणि पोट खपाटीला गेलं तर मासा खंगतोय. श्वास जोरात चालला असेल तर अन्नाचं राहू द्या. पाणी आणि कल्ले बघा.

सगळ्यात स्वस्त उपाय मात्र दुकानातच होतो. पहिल्यांदा मासे पाळणाऱ्याने हॅचरीत वाढलेला क्लाउनफिश घ्यावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास आपल्या देशात करून दाखवली आहे आणि असे मासे तयार खाद्याला सरावलेले असतात. समुद्रातून धरलेला मासा हवाच असेल तर दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. "घरी नेल्यावर खाईल" असं उत्तर आलं, तर पाकीट खिशातच राहू द्या.