गाडी गेली, वाट उरली

फ्रान्समध्ये नव्याने आलेल्यांसाठी सायकलीच्या चार गोष्टी

रत्नागिरीत वाढलेल्या माणसाला सायकल म्हटलं की आधी चढाव आठवतो. भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या वाटेला लागलं की धाप, आरे-वारेच्या बाजूला गेलं तर समुद्र सुंदर, पण वळणावर मागून येणाऱ्या डंपरचा हॉर्न. त्यामुळे फ्रान्समध्ये आल्यावर शेजारी म्हणतात, "रविवारी सायकलवर या आमच्याबरोबर," तेव्हा आपण "बघू" म्हणून विषय संपवतो. मी स्वतः दोन वर्षं असा "बघू" म्हणत होतो. बोर्डो, ॲनसी आणि बूरगोन्य भागात स्थिरावलेल्या आपल्या काही मराठी घरांचे अनुभव गोळा करून ही टिपणं केली आहेत. मी मूळचा रत्नागिरीचा, म्हणून उदाहरणं तिकडची.

वाट कसली?

फ्रेंचमध्ये तिला 'व्वा व्हेर्त' म्हणतात. अर्थ हिरवी वाट. पण ऐकताना 'व्वा'च ऐकू येतं आणि ते चुकीचंही नाही. मोटारी आणि मोटारसायकलींना इथे बंदी. चालणारे, सायकलवाले, स्केट्सवाले, काही ठिकाणी घोडेस्वार, एवढेच.

यातल्या बऱ्याच वाटा म्हणजे जुने रेल्वेमार्ग आहेत. रस्ते वाढले तशा गावागावांतल्या छोट्या गाड्या बंद पडल्या, रूळ उचलले गेले आणि जमीन उरली. बूरगोन्यमधल्या जिव्री ते क्लुनी या ४४ किलोमीटरच्या मार्गावर १९९७ मध्ये देशातली पहिली व्वा व्हेर्त सुरू झाली. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. म्हणजे आपण पिढ्यान्‌पिढ्या ज्या गाडीची वाट पाहिली ती आली, त्याच सुमाराला इथे गेलेल्या गाडीची वाट सायकलींना मिळाली.

यात आपला फायदा असा, की रेल्वेला उभा चढ चालत नाही. शंभर मीटर अंतरात दोन-तीन मीटरपेक्षा जास्त चढ सहसा लागत नाही. घाटीत सायकल हातात धरून चालणाऱ्या आपल्यासारख्यांना हा रस्ता सपाटच वाटतो.

सुरुवात कुठून करावी?

बोर्डोजवळ असाल तर रोजे लापेबी वाट. १९३७ ची तूर द फ्रान्स जिंकलेल्या सायकलपटूचं नाव तिला दिलं आहे. बोर्डोहून सोव्हतेर-द-ग्युयेनपर्यंत साधारण ५७ किलोमीटर, वाटेत द्राक्षमळे, झाडी, जुनी स्टेशनं. सगळी करण्याचा हट्ट नको. क्रेऑनच्या जुन्या स्टेशनात भाड्याने सायकली मिळतात. तिथून पाच किलोमीटर पुढे आणि पाच मागे, पहिल्या दिवसाला पुष्कळ.

तळं आणि रान एकत्र हवं असेल तर लाकानो. बोर्डोहून तिकडे जाणारी सायकलवाटही जुन्या रेल्वेमार्गावरची. पाइनचं रान इतकं सरळ आणि सारखं की मुलं कंटाळतात. त्यांना तळ्याचं आमिष दाखवावं लागतं. लाकानो आणि कार्कांच्या दरम्यान काही तुकडे अरुंद, जुन्या काँक्रीटचे आहेत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने किनाऱ्याच्या तटबंदीसाठी ते टाकले. तिथे सांध्यांवर हादरे बसतात. लहान मूल मागच्या सीटवर असेल तर सावकाश.

ॲनसीला तळ्याच्या पश्चिम किनाऱ्याने द्वँपर्यंत जा. हाही रेल्वेचाच मार्ग. द्वँला छोटा बोगदा लागतो आणि पलीकडे डोंगर एकदम जवळ येतात. पूर्ण फेरी चाळीसेक किलोमीटरची. तिथल्या एका काकूंचा सल्ला: जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी नऊच्या आत निघा, नंतर तिथे गणपतीपुळ्याची अंगारकी असते.

बूरगोन्यला क्लुनी आणि माकोंच्या मध्ये ब्वा क्लेरचा बोगदा आहे, सोळाशे मीटरचा. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यापुढे किरकोळ, पण हा आपण स्वतः पार करतो. आत गारठा असतो, स्वेटर ठेवा. हिवाळ्यात वटवाघळांसाठी तो बंद असतो.

हातांच्या सवयी

वाट रिकामी असली तरी आपले हात रत्नागिरीचेच असतात. तीन गोष्टी मुद्दाम घोकाव्या लागतात.

पहिली, उजवी बाजू. रहदारी असते तेव्हा आपण इतरांचं बघून बरोबर चालतो. रिकाम्या वाटेवर मात्र सवय नकळत डावीकडे ओढते आणि वळणावर समोरून कुणीतरी येतं.

दुसरी, ब्रेक. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, इथे डाव्या हाताला. माझ्या पहिल्याच फेरीत कुत्रं आडवं आलं, मी सवयीने डावा ब्रेक करकचून दाबला आणि हँडलवरून पुढे गेलो. गुडघा दोन आठवडे सुजला होता. सायकल हातात आली की आधी उभ्या-उभ्या दोन्ही ब्रेक दाबून बघा.

तिसरी, घंटी. इथे ती लांबून, एकदाच आणि हलकी वाजवायची. मागे जाऊन खणखणवली तर माणसं दचकतात आणि रागावतात. पुढे जाताना "बाँझूर", वाट दिली की "मेर्सी". एवढ्या दोन शब्दांत दिवस निघतो.

आणि खरा धोका वाटेवर नाही, वाट जिथे गावचा रस्ता ओलांडते तिथे आहे. बहुतेक ठिकाणी थांबायचं आपणच असतं. मुलांना आधीच सांगून ठेवा: फाटक दिसलं की पाय जमिनीवर.

कायद्याचं थोडं

बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे, २०१७ पासून. कॅरियरवर बसलेल्या बाळालासुद्धा. मोठ्यांना सक्ती नाही, पण घाला. कानात इअरफोन घालून सायकल चालवली तर १३५ युरो दंड. गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात चमकणारं जॅकेट हवंच. द्राक्षमळ्यात वाइन चाखायला थांबलात तर दारूची मर्यादा सायकलवाल्यालाही मोटारवाल्याइतकीच आहे, रक्ताच्या लिटरला अर्धा ग्रॅम. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं. ते वापरण्यात अपमान नाही.

तुमच्या धक्क्याने कुणी पडलं तर भरपाई तुम्हाला द्यावी लागते. घराच्या विम्यात हे संरक्षण बहुधा असतं. कागद काढून एकदा खात्री करून घ्या.

रान आणि मळा

कलमांच्या बागेत राखणदार असो-नसो, दुसऱ्याचा आंबा आपण काढत नाही. द्राक्षांचं तसंच. सप्टेंबरात घड हाताशी लोंबतात, तरी हात लावू नये. त्या दिवसांत मळ्यांतल्या वाटांवर ट्रॅक्टर फिरतात. बोनहून सांतनेकडे जाणारी वाट तर मळेवाल्यांच्याच रस्त्यांवरून जाते. तिथे वाट आपण द्यायची.

पाइनच्या रानात चहासाठी स्टोव्ह पेटवायचा नाही, विडी-सिगरेटही नाही. जुलै २०२२ मध्ये बोर्डोच्या दक्षिणेला ला तेस्त-द-ब्यूश आणि लांदिरास इथे मिळून वीस हजार हेक्टरांहून जास्त रान जळालं. कडक उन्हाळ्यात रानात जायला बंदीही येते; निघण्याआधी तपासा. शरद ऋतूपासून शिकार सुरू होते. 'शास आं कूर' अशी पाटी दिसली तर मुख्य वाट सोडू नका. गवतात बसला असाल तर घरी आल्यावर गुडघ्यांमागे आणि काखेत गोचीड आहे का बघा. ती काढायचा छोटा आकडा कुठल्याही औषधांच्या दुकानात मिळतो.

डबा आणि पाणी

बारा ते दोन गावातली दुकानं बंद, रविवारी दुपारनंतर बरीचशी बंद, सोमवारीही भरवसा नाही. डबा घरूनच न्या. आमच्याकडे घावने, चटणी आणि आंबापोळी ठरलेली. आंबापोळी खिशात मावते, वितळत नाही आणि चढावर खरंच कामाला येते. पाणी संपलं तर गावची दफनभूमी शोधा. तिथे नळ असतो आणि सगळे सायकलवाले तिथेच भरतात. 'ओ पोताब्ल' लिहिलेलं असेल तर पिण्याचं. आधी 'नों' असेल तर पिऊ नका.

पंक्चरचं सामान जवळ ठेवा. इथल्या बऱ्याच ट्यूबांचा व्हॉल्व्ह बारीक, वरचा स्क्रू सैल करून हवा भरायचा असतो. आपला पंप त्याला लागत नाही. वाटेत दर नाक्यावर सायकलचं दुकान नाही.

आई-बाबा आले की

सगळ्या घरांनी एकमुखाने सांगितलं ते हे: या वाटांचा खरा उपयोग आई-बाबा येतात तेव्हा होतो. तीन महिन्यांच्या व्हिसावर येतात, आपण कामाला, ते घरात. त्यांना मे-जून किंवा सप्टेंबरात बोलवा. सायकल येत नसेल तरी चालायला ही वाट उत्तम. येत असेल तर ताशी २५ किलोमीटरपर्यंत मदत करणारी विजेची सायकल इथे चालते. फक्त ती जड असते, उतरताना आधार द्या. बोर्डोजवळच्या एका घरातल्या आजोबांनी चाळीस वर्षांनी सायकलवर टांग मारली. घरी फोन करून त्यांनी द्राक्षमळ्यांबद्दल काही सांगितलं नाही. "अगो, मागून हॉर्न वाजत नाही," एवढंच सांगितलं.

सायकल विकत घ्यायची घाई करू नका. येत्या रविवारी दोन तासांसाठी भाड्याने घ्या, उजव्या बाजूने दहा किलोमीटर जाऊन या. आणि एकटे जाऊ नका. तुमच्यानंतर आलेल्या एखाद्या घराला बरोबर घ्या.