दुर्बीण घेताना : आकडा मोठा नको, चित्र स्वच्छ हवे



सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. गेल्या हिवाळ्यात पाचवी ते सातवीच्या मुलांना घेऊन आम्ही सिरपूर तलावावर गेलो होतो. शाळेची दुर्बीण सोबत होती. एका प्रदर्शनात, खोक्यावर छापलेला ‘६०’ हा आकडा बघून आम्हीच ती घेतली होती. किंमत कमी आणि आकडा मोठा, म्हणून सौदा छान झाला असे तेव्हा वाटले होते.

काठापासून थोड्या अंतरावर तपकिरी बदकांची एक जोडी पोहत होती. आम्ही मुलांना रांगेत उभे केले आणि म्हटले, "ह्याला मराठीत हळदी-कुंकू बदक म्हणतात. नाव असे का पडले, ते चोच बघून सांगा." एकेक मूल दुर्बीण डोळ्यांना लावी, "दिसलं सर" म्हणे आणि पुढे सरके. शेवटी सहावीतली एक चष्मा लावणारी मुलगी आली. तीही "दिसलं" म्हणाली. आम्ही विचारले, "काय दिसलं?" ती गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "काळं दिसलं, सर."

तेव्हा आम्ही स्वतः दुर्बीण लावून बघितली. चित्र थरथरत होते, रंग हिरवट-निळसर, आणि मधोमध एक लहानसे भोक. कुणालाच काही दिसले नव्हते. सरांना वाईट वाटू नये म्हणून मुले "दिसलं" म्हणत होती. आपल्या शाळेत आपण ‘आधी बघा, मग लिहा’ असे शिकवतो. तिथे आपल्याच वस्तूने मुलांना न बघता ‘बघितले’ म्हणायला लावले, हे मनाला लागले. म्हणून ह्या विषयाचा थोडा अभ्यास केला. तो इथे मांडतो.

दोन आकड्यांचा अर्थ

प्रत्येक दुर्बिणीवर ८×४० किंवा १०×५० असे दोन आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ भासते. ८ असेल तर ८० मीटरवरचे बदक १० मीटरवर असल्यासारखे दिसते. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आम्ही हिंदी माध्यमात ज्याला ‘उत्तल लेंस’ म्हणून शिकलो, तेच तुमच्या पुस्तकातले बहिर्वक्र भिंग. ते जितके मोठे तितका उजेड जास्त आत येतो. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होते, हे सातवी-आठवीच्या मुलांनी स्वतः करून बघावे.

आता एक सोपा भागाकार करा. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा : ४० ÷ ८ = ५. म्हणजे दुर्बिणीतून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा गोल ५ मिलिमीटरचा. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडते, संध्याकाळी अंधारू लागले की त्याहून बरीच जास्त. पाखरे बघण्याची वेळ पहाटेची आणि सांजेची, म्हणून ४ ते ५ चा गोल चांगला. ८×२१ मध्ये तो जेमतेम अडीच भरतो. अशी छोटी दुर्बीण दुपारी चालते, सांजेला काळोख दाखवते. आणि आमची ती ६० वाली? पुढचे भिंग ६० मिलिमीटरचे धरले तरी गोल फक्त १ मिलिमीटरचा. शिवाय स्वस्त दुर्बिणीवरचा असा आकडा बहुधा खराही नसतो.

दुसरी गोष्ट हाताची. दुर्बीण वस्तू मोठी करते, तसा हाताचा कंपही तितकाच मोठा करते. दहापटीच्या वर गेले की तिपाईशिवाय चित्र स्थिर राहत नाही, आणि दिसणारा परिसरही सहसा आकसत जातो. उडते पाखरू त्यात सापडतच नाही. कमी-जास्त करता येणाऱ्या ‘झूम’ दुर्बिणी स्वस्तात घेऊ नयेत. रानावनात फिरायला, शेतावर, तलावावर ८×४० किंवा ८×४२ हीच जोडी सर्वांत सोयीची. लहान हातांना ती जड वाटली तर ८×३० घ्यावी.

दोन बांधण्या

काही दुर्बिणींत डोळ्याकडचे आणि पुढचे भिंग एका रेषेत नसते, नळीला खांद्यासारखी मोड असते. ह्या बांधणीला पोरो म्हणतात. इटलीच्या इग्नाझिओ पोरो ह्यांनी १८५४ साली तिचे पेटंट घेतले होते. दुसऱ्या प्रकारात नळ्या सरळ असतात. ती दिसायला सुबक आणि धरायला आटोपशीर, पण आतले लोलक फार काटेकोर घडवावे लागतात, त्यामुळे चांगली हवी तर पैसे जास्त पडतात. खिसा बेताचा असेल तर त्याच पैशात पोरो बांधणीची दुर्बीण सहसा अधिक स्वच्छ चित्र देते. साधारण सहा ते दहा हजार रुपयांत शाळेच्या कामाची दुर्बीण मिळू शकते.

दुकानात काय तपासावे

१. पुढच्या भिंगात दिव्याचे प्रतिबिंब बघा. ते फिके हिरवे किंवा जांभळे दिसले तर भिंगावर लेप आहे. पांढरे लख्ख दिसले तर नाही. लालभडक चमकणारी भिंगे टाळा, ती रंग बिघडवतात.

२. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. डोळ्याकडच्या भिंगात उजेडाचा गोल दिसेल. तो पूर्ण गोल हवा. कडा कापलेल्या, चौकोनी दिसल्या तर आतल्या लोलकाची काच हलकी.

३. समोरच्या दुकानाची पाटी वाचा. अक्षरे दोन-दोन दिसली किंवा डोळ्यांना ताण आला तर नळ्या एका दिशेत नाहीत. ती घेऊ नका.

४. घरात कुणाला चष्मा असेल तर चष्म्यासकट बघा. त्यासाठी डोळा भिंगापासून किमान १५ मिलिमीटर दूर असतानाही पूर्ण चित्र दिसले पाहिजे.

५. लहान मुलासाठी घेत असाल तर मूल सोबत न्या. मुलांचे डोळे जवळजवळ असतात, आणि काही दुर्बिणी तितक्या मिटत नाहीत.

घरबसल्या मागवली तर परत करण्याची मुदत आधी वाचा आणि त्या मुदतीतच ह्या सर्व चाचण्या करा.

वापर आणि निगा

चष्मा असणाऱ्यांनी डोळ्याकडचे रबर दुमडून घ्यावे, इतरांनी उभे ठेवावे. त्या मुलीला आम्ही एवढेही सांगितले नव्हते. मग उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे चित्र नीट करा. नंतर डावा मिटून उजव्या भिंगावरची कडी फिरवा. ही कडी एकदा जुळली की तुमच्यासाठी तीच कायम, पुढे फक्त मधले चाक. पाखरू शोधताना नजर पाखरावरच ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा.

दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघू नये, क्षणभरही नाही. दृष्टी कायमची जाऊ शकते.

धूळ बसली तर आधी फुंकणीने उडवा, मग मऊ कापड. ओढणी, पदर, शर्टाचे टोक नको, धुळीच्या कणांनी भिंगावर ओरखडे येतात. पावसाळ्यात आत बुरशी धरते. हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावी.

विश्वस्तांना विनंती

महू जवळ असल्याने आपल्याकडे फौजेतून निवृत्त झालेली काही घरे आहेत. अशाच एका आजोबांनी आपली जुनी ८×४० शाळेला महिनाभर दिली. आम्ही पुन्हा सिरपूरला गेलो. त्या मुलीने रबर दुमडले, चाक फिरवले आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "सर, चोचीच्या टोकाला हळद आहे, आणि वर कपाळाशी दोन्ही बाजूंना कुंकू!"

सिरपूर आणि यशवंत सागर ही आपल्या दाराशी असलेली दोन्ही पाणथळे २०२२ साली रामसर यादीत आली. यशवंत सागरला सारस क्रौंच दिसतात. हे सगळे मुलांनी खरेच बघावे असे वाटते. येत्या अंदाजपत्रकात एक महागडी दुर्बीण न मागता दोन ८×४० आणि एक ८×३० आम्ही मागत आहोत. कुणाच्या कपाटात जुनी दुर्बीण पडून असेल तर तीही आणावी, वरच्या चाचण्या मुलेच करतील.

आणि मुलांनो, दिसले नाही तर "नाही दिसलं" म्हणा. आम्ही रागावणार नाही.

— मुख्याध्यापक